पश्चिमेस खाडी

मी कायद्याच्या कॉलेजात दाव्याचे मसुदे लिहायला शिकवते. जमिनीचा दावा असला की जागेच्या चारी बाजूंना काय आहे, ते त्यात बिनचूक लिहावं लागतं. म्हणून दरवर्षी मी वर्गाला एसटीत कोंबून उरणकडच्या एका शेताच्या बांधावर न्यायची. त्या शेताच्या जुन्या खरेदीखतात लिहिलंय, 'पश्चिमेस खाडी'. मुलं तेवढं उतरवून मोकळी व्हायची. मग शेताचे म्हातारे मालक हसून म्हणायचे, "खाडी कवाच बुजवली, बाय. आता तिथं कंटेनर हायेत." तेव्हा कुठे मुलं मान वर करून बघायची.

मुलांच्या असल्या चुका मी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवून ठेवल्या होत्या. डाव्या पानावर चूक, उजव्या पानावर लाल शाईत दुरुस्ती.

माझा एक जुना विद्यार्थी आता आमच्याच कॉलेजात शिकवतो. त्याच्या नोकरीसाठी शब्द मीच टाकला होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कॉलेजची गुणवत्ता तपासायला समिती येणार होती, तेव्हा त्याने मसुदे आपोआप लिहिणारा प्रोग्राम करायला घेतला आणि माझ्या वह्या मागितल्या. तुमचा तास आहे तसाच राहील, असं म्हणाला. मी पिशवीभर वह्या दिल्या, वर नारळाच्या वड्यासुद्धा दिल्या. इतकी भाबडी मी एरवी नसते.

समितीसमोर तो बोलत होता आणि मी मागच्या रांगेत बसले होते. यापूर्वी हा विषय कसा शिकवला जायचा, असं समितीतल्या कुणीतरी विचारलं.

"ठरलेली अशी काही पद्धत नव्हती," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

 पाहुण्यांसमोर कॉलेजची शोभा नको म्हणून गप्प बसले. पुढच्या आठवड्यात माझा तास माझ्याकडून काढून कंप्युटरच्या खोलीत, त्या प्रोग्रामकडे गेला आणि बांधावरची फेरी बंद झाली. मला ते नोटीस बोर्डावरून कळलं.

एकदा मी त्या प्रोग्राममध्ये आमच्या फेरीतल्या त्याच शेताची माहिती भरली. त्याने झोकात लिहिलं, 'पश्चिमेस खाडी'. मी त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. घाई होती, लाल अक्षर लागत नव्हतं, म्हणून त्याने वह्यांची फक्त डावी पानं टाइप करून घेतली होती. म्हणजे माझ्या सगळ्या दुरुस्त्या गाळून नुसत्या चुका यंत्राला शिकवल्या होत्या.

"पण मॅडम, वह्या तुमच्याच ना," तो म्हणाला. "समितीला दिलेल्या अहवालात तसं लिहिलंय."

श्रेय वाटताना माझी पद्धतच नव्हती आणि चूक निघाल्यावर वह्या माझ्या झाल्या. त्याने मला फसवलं, याला दुसरा शब्द नाही. मग आवाज खाली आणून, जुन्या सवयीने, त्याने विचारलं की एवढं दुरुस्त करून द्याल का.

मी नाही म्हणाले. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याची समोर आलेली चूक मी पहिल्यांदाच तशीच सोडली. आता माझी मुलं ती रोज शिकतात, आणि मी शेजारच्या वर्गात दुसरा विषय शिकवत असते.