न सापडलेला काटा

भारतच्या उजव्या हाताच्या बोटात नेमकं काय टोचलं, एवढंच मला कळायला हवं आहे.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याचा फोन आला. मागं बोअरच्या गाडीचा धडधडाट चालला होता, त्यामुळे अर्धं बोलणं मी अंदाजानंच ऐकलं. ऊन किती आहे, डबा कोणाकडचा, कधी येणार, असं नेहमीचं झालं. मग तो सहज म्हणाला की पहिल्या बोटाला काहीतरी टोचलंय आणि बोट जरा जड पडलंय.

काय टोचलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काय नाय गं आई. काटा आसंल. बांधावर बाभळी लई हायेत इथं. चिमट्यानं पाह्यलं, घावला नाय."

मी विचारलं, तेव्हा मशीन चालू होतं का? त्यावर, जेवायला बोलावतायत, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर मी लावलेला एकही फोन त्यानं उचलला नाही. वाजून वाजून बंद होतो. त्याचे बाबा शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळीला आहेत, तिथं आत मोबाइल नेऊ देत नाहीत. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहीत बसले आहे. कॉलेजात होते तेव्हापासून मला ही सवय आहे. कागदावर उतरवलं की मनातलं ओझं निम्मं होतं. आज होत नाही.

भारतचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड जातं. बोअरच्या गाडीवर आहे म्हटलं की लोक विचारतात, किती फुटांवर पाणी लागलं? पाण्याशी त्याचा संबंध नसतो. गाडी म्हणजे ट्रकवर चढवलेलं मोठं मशीन. त्याचा उंच खांब उभा करायचा, जमिनीत रॉड दाबायचा, फिरवायचा, वर ओढायचा, हे सगळं तेलाच्या दाबावर चालतं. ते तेल मनगटाएवढ्या जाड काळ्या रबरी पाइपांतून फिरतं. त्या पाइपांची, तेलाची, फिल्टरची काळजी घेणं हे भारतचं काम. त्यानं आयटीआय केलं, पुढं मशीनच्या कंपनीचं प्रशिक्षणही घेतलं. गाडी किती तास चालली हे तिच्यावरचं मीटर सांगतं. ठरलेले तास भरले की गाडी चांगली चालत असली तरी थांबवायची, तेल बदलायचं, फिल्टर बदलायचे, पाइप तपासायचे आणि थकलेला पाइप फुटायच्या आधी काढून टाकायचा. बंद पडलेली गाडी चालू करणाऱ्या मिस्त्रीला लोक चहा पाजतात. चालती गाडी थांबवा म्हणणाऱ्याकडं मात्र, तो कामचुकार असल्यासारखं बघतात.

हे काम त्याच्या अंगात कुठून आलं ते मला माहीत आहे. माझे सासरे, भिकन मामा, मेंढरं राखायचे. शहरात घर झालं तरी ते गावीच राहिले, आणि भारतची प्रत्येक सुट्टी त्यांच्यामागं रानात गेली. कळप एका रानातून दुसऱ्या रानात हलवायचा असला की मामा आधी एकेक मेंढरू पुढ्यात घेत. पाठीवरून, पोटाखालून, पायांवरून हात फिरवत, खूर उलटा करून बघत. नुसतं बघून सोडलेलं त्यांना चालत नसे. म्हणायचे, "डोळ्याला लोकर दिसती पोरा, जखम हाताला घावती." मेंढराच्या खुरातला काटा काढायला त्यांच्या करगोट्याला एक छोटा लोखंडी चिमटा बांधलेला असे. बारीकातला बारीक काटा ते त्यानं उपटून काढत आणि भारतच्या तळहातावर ठेवत. सातवी-आठवीपर्यंत भारतचं बोट इतकं तयार झालं की मामांना दिसेनासं झाल्यावर कळपातले काटे तोच काढायचा. मामा गेले तेव्हा बाकीच्या नातवंडांनी काय काय मागितलं, यानं चिमटा घेतला. आता तो गाडीच्या किल्ल्यांच्या कडीत असतो.

गाडीवर लागल्यावर त्यानं तीच पद्धत चालू ठेवली. रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी तो प्रत्येक पाइपावरून तळहात फिरवायचा. कुठं फुगलंय, कुठं रबर तडकलंय, कुठं ओल आहे, ते हाताला कळायचं. मालक अप्पाराव सुरुवातीला कौतुकानं सांगायचे की आमचा भारत गाडीला गाभण मेंढीसारखा जपतो.

पण बोअरवाल्यांत एक रिवाज आहे. बोअरच्या जागी नारळ फुटला की पाणी लागेपर्यंत, नाहीतर ठरलेली खोली गाठेपर्यंत, मशीन थांबवायचं नाही. मध्ये थांबलं तर जमिनीतलं पाणी दुसरीकडं फिरतं म्हणतात. अप्पाराव बाकी व्यवहारात हिशेबी माणूस, पण हे ते मनापासून मानतात. खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून दिवसभर उभी ठेवतात, तेवढीच तिची हक्काची विश्रांती. भारतनं त्यातूनही वाट काढली होती. रिवाजाला हात न लावता तो मालकाला म्हणाला की नारळ तुमच्याच हातानं फोडा, फक्त माझी तपासणी झाल्यावर फोडा. अप्पारावांना ते पटलं. दिवाळीनंतर काही महिने तसं चाललंही. गडी चेष्टेनं विचारायचे, "भारत, झाली का तुझी पूजा? आता आमची करू?"

उन्हाळा लागला आणि सगळं मोडलं. एका शेतातून निघालेली गाडी दुसऱ्या शेतात पोचायच्या आत तिथला शेतकरी नारळ घेऊन उभा असतो. गाडी बांधाच्या आत आली की तोच फोडून मोकळा होतो. नारळ फुटला की अप्पाराव मशीन सुरू करायला सांगतात. राहिलेली तपासणी मग चालत्या मशीनवर करावी लागते.

आता मला ज्याची भीती आहे ते लिहिते.

कंपनीच्या प्रशिक्षणाहून आला त्या दिवशी तो स्वयंपाकघरात मला सगळं सांगत होता. गॅसवर कुकर होता. त्यानं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि कुकरच्या कडेनं फिरवून दाखवला. म्हणाला, चालत्या मशीनच्या पाइपाला गळती आहे का ते असं बघायचं, पुठ्ठ्यानं. हात कधीच लावायचा नाही. पाइपाला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तर त्यातून येणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. शिकवणाऱ्यानं त्यांना एका माणसाच्या हाताचे फोटो दाखवले होते. त्या माणसाला डास चावल्यासारखं वाटलं होतं. रक्त नाही, फारसं दुखणं नाही, नुसता एक ठिपका. तो जेवला आणि झोपला. तेल आतल्या आत पसरत राहिलं, आणि डॉक्टरकडं पोचला तेव्हा बोट वाचण्याची वेळ गेली होती. अशा वेळी बाहेरून काही दिसत नसलं तरी तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि आत तेल गेलंय असं स्पष्ट सांगायचं, असं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

मी म्हटलं, मग तू हात लावू नकोस. तो हसला. म्हणाला, "मी कशाला लावतो? मला काय येड लागलंय व्हय?"

गेल्या महिन्यात गाडी चितेगावला होती. जवळच म्हणून मी डबा घेऊन गेले. लांबूनच मला तो दिसला. मशीन चालू होतं, धूळ उडत होती, आणि तो पाइपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवत होता. डोळे भलतीकडं होते. मामा मेंढराला चाचपताना असेच दुसरीकडं बघायचे. पुठ्ठा त्याच्या मागच्या खिशात खोचलेला होता. डबा हातात देताना मी विचारलं, तर तो स्वतःच्या हाताकडं दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. "आगं, हात आपोआप जातो," म्हणाला.

ज्या हातामुळे तो गाडीवर टिकला, तोच त्याचं ऐकत नाही. मी यावर काय करणार होते?

एक गोष्ट मी पूर्वी करून पाहिली होती. मागच्या उन्हाळ्यात त्याला सलग जागरणं पडली तेव्हा मी अप्पारावांना फोन केला, की पोराला जरा झोपू द्या. ते नीट बोलले, त्या दिवशी त्याला झोपूही दिलं. पण ती गोष्ट गाडीवर पसरली. त्यानंतर गडी त्याला रोज विचारायचे, आज आईसाहेबांची परवानगी आली का, पाना उचलायला चिठ्ठी आणली का. तो घरी आला, जेवला. हात धुतल्यावर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "परत मालकाला फोन लावायचा नाय. माझी शप्पथ हाय तुला." पुन्हा फोन गेला तर गाडी सोडून देईन, असंही म्हणाला. तो बोलतो ते करतो. मी शिकलेली बाई, शपथेनं काही होत नाही हे मला कळतं. पण हात त्याच्या डोक्यावर होता.

या रविवारी गाडीची सर्व्हिस ठरली होती. तास केव्हाच भरून गेले होते. एका पाइपाचं रबर तडकलंय म्हणून त्यानं शहरातून नवा पाइप करून आणला होता आणि दाराजवळ चपलांच्या शेजारी ठेवला होता, विसरू नये म्हणून. आज सकाळी अप्पारावांचा निरोप आला की अजिंठ्याकडं सांडू पाटलांची मोसंबीची बाग सुकायला लागली आहे, सर्व्हिस पुढच्या आठवड्यात बघू. जीप खाली हॉर्न वाजवत होती. तो धावत उतरला. पाइप इथंच राहिला. मी हाक मारली तोवर जीप वळली होती. मग त्यानं फोनवर सांगितलं, राहू दे, चालंल तेवढं.

तो पाइप आत्ता माझ्यासमोर आहे. त्याच्या दोन्ही तोंडांना भारतनं पिवळी झाकणं लावली आहेत, आत धूळ जाऊ नये म्हणून. म्हणजे मशीनवर अजून तो तडकलेलाच आहे, आणि आज सांडू पाटलांनी गाडी आत येताच नारळ फोडला असणार.

हे सगळं लिहिताना मी मनात एकच गोष्ट घोकत होते, काटा असेल. बाभळीच आहेत तिथं. रानात काटा टोचतोच. बोट जड पडतं, सकाळी उतरतं. आपण उगाच घाबरतो, असं त्याचे बाबाही म्हणाले असते.

पण वर मी त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे, ते आत्ता परत वाचलं. चिमट्यानं पाह्यलं, घावला नाय. धडधडाटात मी हे वाक्य कानावरून जाऊ दिलं होतं.

मामांचा चिमटा, आणि भारतला काटा सापडत नाही. लोकरीत, चिखलात, अंधारात मेंढरांच्या खुरांतले काटे ज्यानं काढले, त्याला स्वतःच्या बोटातला काटा दिसत नाही. कारण तिथं काटा नाही. आणि हे त्याला माझ्याआधी कळलेलं असणार. म्हणूनच मशीनचं विचारल्यावर त्याला जेवायची घाई झाली. नारळ फुटलाय, पाणी लागलेलं नाही, गाडी थांबणार नाही, आणि जातो म्हटलं तर सगळे हसणार. तो सकाळपर्यंत वाट बघेल. फोटोतल्या त्या माणसानंही तेच केलं होतं.

आत्ता परत त्याला लावून पाहिला. वाजला, बंद झाला.

खरंच काटा निघाला तर काय होईल? गडी हसतील. आईसाहेबांनी गाडी थांबवली म्हणून वर्षभर चिडवतील. तो माझ्याशी बोलणार नाही, कदाचित नोकरीही सोडेल. हे सगळं व्हावं असं मला आत्ता मनापासून वाटतं आहे.

अप्पाराव सीझनमध्ये गाडीजवळच जीपमध्ये झोपतात, आणि रात्री-अपरात्री आलेला फोन कधी सोडत नाहीत, गिऱ्हाईक असू शकतं म्हणून. मी त्यांना सांगणार आहे की मशीन बंद करा, भारतला जीपमध्ये घाला आणि थेट इकडं शहरात, घाटीच्या मोठ्या दवाखान्यात आणा. बोटात तेल गेलंय, काट्याचं सांगेल तर ऐकू नका. मी दवाखान्याच्या दारात उभी राहते.

नंबर शोधावा लागणार नाही. मागच्या वेळेचा तसाच आहे. लावते.