दातासाठी चार दिवस

हापशीचा दांडा निसटून ताईच्या तोंडावर बसला, त्या दिवाळीत मी अकरावीत होते. तिचा समोरचा दात अर्धा तुटला आणि काळा पडू लागला. वडील गेल्यापासून आई आणि ताई कापूस वेचायला जायच्या. ताईनं दहावीनंतर शाळा सोडली होती. मी वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकत होते.

सुटीत मीच तिला वर्ध्याच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथली शिकाऊ डॉक्टर आमच्याहून फार मोठी नव्हती. तिनं तोंडात छोटा आरसा घालून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाली, "वाचेल हा दात. चार वेळा यावं लागेल, आठवड्यातून एकदा. पैसे नावापुरतेच."

"अन् काढला तं?" ताईनं विचारलं.

"तो आत्ताही काढता येईल. पण वाचणारा दात का काढायचा?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. तिला काय आठवलं ते मला कळलं. वसतिगृहाचा खर्च भागवणाऱ्या माझ्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि त्यासाठी आईला माझ्याबरोबर तहसील कचेरीत खेपा घालायच्या होत्या. तेवढे दिवस ताईनं वेचणीला जायलाच हवं होतं. वेचणाऱ्या बायांच्या टोळीत आमच्या दोन जागा होत्या. एक बाई आली नाही तर चालायचं. दोघी वरचेवर बुडवू लागल्या, तर शेतमालक दुसऱ्या बाया लावायचा आणि हंगाम संपेपर्यंत जागा जायची.

"ताई, आईले विचारू ना," मी म्हटलं.

"आईले काय विचारतं? तिले दोन्ही पाह्यजे. दिवस का झाडाले लागते?" मग ती डॉक्टरला म्हणाली, "काढून टाका मॅडम. वावरात कोण पाह्यते? बोंडं का हसतेत मले?"

डॉक्टर हसली. मी मात्र "नको" म्हणाले नाही. ते मला म्हणता आलं असतं.

संध्याकाळी आई ओरडली, "काऊन व, मले न विचारता?" ताईच्या तोंडात कापसाचा बोळा होता, तिनं नुसती मान हलवली. आईनं तिच्यासाठी भात मऊ शिजवला आणि जेवताना तिच्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. माझं वसतिगृह टिकलं.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी शिकवलं, गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित, म्हणून निवड करावी लागते. उदाहरण लिहायचं होतं. मी एका शेतात ज्वारी की कापूस, ते लिहिलं. सरांनी 'छान' असा शेरा दिला. घरातली पहिली पदवीधर मी झाले. आता वर्ध्यातल्या एका शाळेत शिकवते, पिपरी मेघेला राहते. ही सगळी माझ्या माणसांची देणगी आहे.

ताईचं लग्न हिंगणघाटकडच्या एका गावात झालं. यंदा मी रजा काढून तिला दात बसवायला बोलावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शेजारचे दात रिकाम्या जागेत कलले आहेत, आधी ते सरळ करावे लागतील. बरेच महिने यावं लागेल.

ताई खुर्चीवरून उठली. "राहू दे. वेचणी चालू आहे."

"खर्च माझा. तुझी मजुरीही मीच देते. लागेल तेवढी रजा काढते," मी म्हणाले.

"तुही रजा माह्या काय कामाची व? माही जागा तू धरशीन का टोळीत?"

ती हे हसतच म्हणाली. मी तिला दुपारच्या एसटीत बसवून दिलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात समाधान होतं. "उतरली अन् तशीच वावरात गेली. थोडंसं तरी सापडलं वेचाले."

"बरं झालं," मी म्हणाले.