ठोक्यापुरते कान

हेडफोनच्या दुकानात पन्नाशीच्या बाईला एकच प्रश्न विचारतात. मला तो ऐकू येत नसे, पण दुकानदाराच्या ओठांवरून कळत असे, कारण अमरावतीतल्या प्रत्येक दुकानात तो तसाच्या तसा आला. "मुलासाठी पाह्यजे का, काकू?" मी सांगायची, "मलेच पाह्यजे. ज्याच्यात बेस लय आहे, धडधड वाजते, असा दाखवा." मग तो माझ्या साडीकडे, पिशवीतून डोकावणाऱ्या शेवंतीकडे बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. हसू दे बापड्याला. त्याचं हसू ऐकायला मी गेले नव्हते.

माझे कान वरून खाली जात होते. बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, मोबाइलची रिंग गेली, मग बायकांचं बोलणं गेलं, आणि शेवटी पुण्याहून येणाऱ्या लेकीच्या फोनवर मला नुसती खुसखुस ऐकू येऊ लागली. ती बोलायची आणि मी अंदाजाने "हो, हो" म्हणायची. एकदा तिने आजारी असल्याचं सांगितलं तेव्हाही मी "छान, छान" म्हणाले. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर डोक्यात भांडी कोसळल्यासारखं झालं. ते डबीत जाऊन बसलं. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा. उरलेलं म्हणजे जाडेभरडे, खालचे आवाज. ट्रकचं इंजिन, ढोल, आणि आमच्या ह्यांचं बोलणं. ह्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आहे. घरात मला माणसाचा म्हणून तेवढाच एक आवाज राहिला होता, आणि हे तर दिवसाकाठी दोनचार शब्दांवर भागवणारे.

आमची फुलांची शेती, अमरावतीच्या जरा बाहेर. पहाटे झेंडू-शेवंतीचे ढीग पुढ्यात घेऊन ओसरीवर हार ओवायला बसायचं आणि गाणी लावायची, हा माझा लग्नापासूनचा शिरस्ता. सुई गाण्याच्या लयीवर चालते. गाणं असलं की बोटं आपोआप फूल उचलतात, नसलं की मोजत बसावं लागतं. आता गाण्यातली गाणारीच नाहीशी झाली होती. बासरी नाही, शब्द नाहीत, खालून नुसता डग्गा तेवढा यायचा. मी हट्टाने तीच जुनी गाणी लावून बसायची आणि अर्ध्या हारावर रडू यायचं. कशासाठी जगायचं, इथपर्यंत मजल गेली होती. कोणी म्हणेल गाण्यासाठी कोणी मरतं का? मरत नाही. पण जगण्यातला रस आटतो, आणि ते बघत बसणं वाईट.

मग लग्नसराईत आमच्या फुलांच्या दुकानावरून एक वरात गेली. डीजेची गाडी, तिच्यावर भिंतीएवढे बॉक्स. शेजारच्या बायांनी कानात बोटं घातली. मी हातातला हार खाली ठेवला. गाण्याला शब्दच नव्हते, त्यामुळे काही सुटलं नाही. ठोका, ठोका, ठोका, मग सगळं थांबलं, एवढं थांबलं की वाटलं मशीन बिघडलं, आणि मग आभाळ फाटल्यासारखं ते कोसळलं. किती दिवसांनी मी एखादी गोष्ट आदीपासून अंतापर्यंत ऐकली होती! गाडी चौकात वळून दिसेनाशी होईस्तोवर माझा पाय हलत होता.

त्या दिवसापासून मला वेड लागलं म्हणा. मोबाइलच्या भोंग्यातून ते येत नाही, नुसतं टिकटिक करतं. म्हणून हेडफोन. अमरावतीत मी आमच्या रीतीने खरेदी केली. आम्ही संत्रा घेतो तो तळहातावर तोलून. जड तो रसाचा, हलका तो फोफसा. टरबुजाचंही तेच. मी काउंटरवरचे सगळे हेडफोन एकेक करून हातावर तोलले, सगळ्यांत जड होता तो उचलला, आणि दुकानदाराने तो मुकाट्याने बांधून दिला. घरी लावला तर डब्यात कोंडलेल्या माशा. ठोका येतच नव्हता, नुसती भणभण. ह्यांनी पेचकसाने तो उघडला आणि आतून लोखंडाची एक पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. कशालाही जोडलेली नव्हती, नुसती वजनासाठी चिकटवलेली.

"भाजी घ्याले गेलती का?" हे म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.

मी चिडून दोन दिवस बोलले नाही. न बोलण्याने आमच्या घरात फारसा फरक पडत नाही, हा भाग वेगळा.

शेवटी डीजेच्या गाडीवर काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की अकोल्याला, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे एक दुकान आहे, गाडीवाले तिथूनच घेतात. ह्यांना अकोल्याला झेंडू पोचवायचा होताच. मीही निघाले. डॉक्टरांचं बोलणं ह्यांच्या ध्यानात होतं, माझ्याही होतं. वाटेत दोघांनीही ते काढलं नाही.

बोळातलं ते दुकान एवढंसं होतं. दुकानदार दाढीवाला, पोक्त. त्याने मुलाचं विचारलं नाही. एकामागून एक हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. एकात ठोका सगळीकडे पसरायचा, शेणाच्या सड्यासारखा. दुसऱ्यात तो यायचा, पण जायचाच नाही, मागचा पुढच्याला धरून राहायचा. मग एक आला, त्यात ठोका खोल उतरला, बरोब्बर लागला आणि जागच्या जागी संपला. पुढच्यासाठी जागा रिकामी! मी खुणेने वाढवा म्हटलं. त्याने वाढवलं. अजून, म्हटलं. त्याने स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला आणि मी एक बाजू सरकवली तेव्हा जवळ येऊन ओरडला, "मावशी, कान फुटतीन!"

"फुटाचे ते फुटले," मी म्हणाले. "वाढवा तुमी."

किती वेळ ऐकलं, माहीत नाही. मी हसत होते, एवढं आठवतं. हे दाराशी पाठमोरे उभे होते.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरला हे माझ्याकडे वळून काही बोलले. ओठ हलले, आवाज आला नाही. वाटलं, गाडीच्या गोंगाटात गेला असेल. म्हणून पुन्हा विचारलं. ते पुन्हा बोलले, ह्या वेळी वाकून, अगदी जवळून. काही नाही. कानात नुसती एक शीळ. मी ह्यांचा दंड घट्ट पकडला आणि "बोला, बोला" म्हणत राहिले; हे बोलत राहिले, पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले, आणि मला त्यांच्या मिशीखालची ती हालचाल तेवढी दिसत होती. ठोक्याच्या मोबदल्यात मी माणूस देऊन आले होते. मांडीवरचा तो खोका खिडकीतून फेकावासा वाटला. फेकला नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे शिळेच्या मागून काहीतरी घुमलं. "…बसून राह्य, अजून यायचं हाय आपलं गाव." ह्यांचाच आवाज, पातळ झालेला, पण आला. मी पदर तोंडात धरून रडले.

त्या दिवसापासून हे बोलायला लागले. तीस वर्षं "हं" आणि "बरं" ह्यांवर संसार रेटलेला माणूस! कोणत्या वाफ्यात मर लागून रोपं वाळली, लहानपणी विहिरीत कोण पडलं होतं, मला बघायला आले तेव्हा मी "लय भांडखोर दिसत होती," सगळं सांगतात. का, ते सांगत नाहीत. मला कळतं. ऐकू येतंय तोवर सांगून मोकळं व्हायचंय त्यांना. आणि मी रोज हार ओवून झाले की हेडफोन लावते. आवाज कमी ठेवायचा ठरवते आणि बोट वाढवत जातं. काढल्यावर आधी ह्यांना हाक मारते आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो.

परवा हे जेवत होते आणि मी समोरच भिंतीला टेकून ऐकत होते. गाणं थांबलं होतं, आता कोसळणार तेवढ्यात पाहिलं, ह्यांचे ओठ हलताहेत. मी हेडफोन ओढून काढले.

"काय म्हनता?"

"काई नाई. भाजीत मीठ नाई म्हनलं."

सगळं ऐकू आलं, एकूण एक शब्द. मी उठून मीठ आणलं, ताटात वाढलं आणि तिथेच बसून रडायला लागले.

"मीठच तं नाई व, रडून कावून राह्यली?"

"बोला," मी म्हणाले. "अजून बोला काईतरी."

ह्यांनी घास हातात धरून विचार केला. माझ्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं. मी वाट पाहिली, बरीच पाहिली, आणि मग हेडफोन पुन्हा कानांवर चढवले.