किल्ली कुणाकडं असती?

"किल्ली कुणाकडं असती?"

कुठल्याही गावात पाय ठेवला की फिटरांचा हा पहिला प्रश्न. रामराम नंतर, पाणी नंतर, चहा तर त्याच्याही नंतर. खांद्यावर काळ्या नळीचं वेटोळं, पायाला चिखल आणि तोंडावर सालस हसू. शाळा असो, ग्रामपंचायत असो, पेट्रोल पंप असो, ते हळूच विचारायचे, "न्हाय म्हंजी, मागच्या संडासाची किल्ली कुणाकडं असती?"

तुम्ही म्हणाल, माणसाला घाई झाली असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण किल्ली मिळाली की फिटर आत जायचे, नळ सोडून बघायचे, कडी लावून बघायचे, आणि मिनिटभरात बाहेर येऊन खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं काहीतरी टिपायचे. स्वतःसाठी ते बांधाआडच जायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा लासुर्ण्याकडच्या एका मंगल कार्यालयात ऐन लग्नाच्या गर्दीत त्यांनी किल्ली मागितली. मॅनेजरला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्यानं धावत जाऊन फिनेल ओतलं आणि फिटरांना पंगतीत बसवून दोन जिलब्या जास्त वाढल्या. फिटरांनी जिलब्या खाल्ल्या आणि डायरीत लिहिलं, 'पाणी हाय. कडी ढिली.' दुसऱ्या आठवड्यात स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले आणि कडी घट्ट करून आले.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं ठिबकचं दुकान आहे. शेतकऱ्यानं संच घेतला की तो रानात जोडून द्यायला फिटर लागतो, आणि अकरा वर्षं माझ्याकडे हे फिटर होते. नाव होतंच की त्यांना. पण इंदापूर तालुक्यातल्या अर्ध्या डाळिंबबागा त्यांना फिटर म्हणूनच ओळखत, म्हणून इथेही तेच राहू दे.

मोटर सुरू झाली की मालक, मालकाचा भाऊ, शेजारी असे सगळे पहिल्या ओळीतल्या झाडाकडे बघतात. फिटर मात्र शेवटच्या झाडापाशी उकिडवे बसलेले असायचे. तिथे थेंब पडला की मगच उठायचे. असा कामाचा माणूस हे संडासाचं खूळ कुठून घेऊन बसला, हे मला कळेना.

माझ्या दुकानाच्या मागेही एक संडास होता. होता म्हणजे, त्यात मी फुटक्या फिल्टरच्या टाक्या आणि पाइपचे तुकडे कोंबले होते. फिटरांनी तीनदा सांगितलं, "शेठ, तेवढं मोकळं करून द्या की." चौथ्यांदा मी गिऱ्हाइकांसमोरच म्हणालो, "फिटर, तुम्ही ठिबक जोडायला येता की संडास मोजायला?" सगळं दुकान हसलं. फिटरही हसले. त्यांचं ते हसणं आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

दसऱ्याच्या पूजेला मी त्यांना पेरूची एक पेटी दिली होती. त्यांच्या घरी आजारपण आहे एवढंच कानावर होतं. मी मोठ्या थाटात म्हणालो, "वहिनींना भरपूर खाऊ घाला, अंगात ताकद येईल." नंतर कसे लागले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ब्येस."

मग एकदा निरवांगीला एका बागेचं काम निघालं. निरवांगी त्यांचंच गाव, तेव्हा मीही बरोबर गेलो. परतताना फिटर म्हणाले, "चला, चहा घेऊ." घर साधंच होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पण देवघर पडवीत! दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांपासून हातभर अंतरावर. मी बघतच राहिलो.

फिटरांचे वडील, आबा, खाटेवर बसले होते. माझी नजर त्यांनी बरोबर हेरली. "बघा की शेठ. देवाच्या भिंतीला दार पाडलंय ह्यानं. अन् दाराच्या पल्याड काय, तर संडास! सगळी भावकी थुंकली माझ्या तोंडावर."

"आबा, देवाला कुठंबी ठेवलं तरी चालतंय," फिटर शांतपणे म्हणाले. "तिला चौदा पावलं जमत न्हाईत."

परसातला जुना संडास खाटेपासून चौदा पावलांवर होता. त्यांनी मोजली होती.

आत वहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. फिटरांनी खाटेशेजारी बसून विचारलं, "किती?" पांघरुणातून एक हात बाहेर आला. एक बोट वर झालं आणि अर्ध्यात वाकलं. "अर्धा किलो," फिटर मला म्हणाले, जणू मी पाण्याचं प्रेशर विचारलं होतं. ठिबकच्या लाइनवर प्रेशर दाखवायचं घड्याळ असतं, त्यावर एक किलो, दोन किलो असे आकडे असतात. बोलायला नको वाटतं त्या दिवशीही बोट उचलता येतं, म्हणून नवरा-बायकोंनी अंगातल्या जोराचा हा हिशोब ठरवला होता. दिवसातून एकदाच विचारायचं. मिळेल त्या आकड्यावर तो दिवस चालवायचा.

"शेठ, लाइन आतनं सुजली तर पाणी कुठनं जाणार? तसं आतड्याचं झालंय. जखमा व्हत्यात. कवा चोंदतंय, कवा थांबतच न्हाय." आजाराचं नाव क्रोन. तो जात नाही, दाबून ठेवावा लागतो. वाईट दिवसांत पंधरा-वीस वेळा उठायचं, आणि कळ अशी की तोंडातून आवाज फुटत नाही. पेरूच्या बिया तर त्या आतड्याला मुळीच चालत नाहीत. मी ओशाळलो. फिटर म्हणाले, "न्हाय न्हाय, दावलं की तिला. हातात धरून वास घेतला तिनं. मग वाटलं गावात."

दुसरा आजार पहिल्याच्या पाठोपाठ आला होता. "त्यो मनाचा. डिप्रेशन. त्याच्या गोळ्या येगळ्या, डबा येगळा." गाव त्याला आजार मानायला तयार नव्हतं. 'मनाला लावून घेतलंय', 'उठून चार कामं केली की जाईल', 'दोन घास जास्त खा', असं येणारी प्रत्येक बाई सांगून जायची. फिटर तिला चहा द्यायचे आणि गोळ्यांचा डबा तिच्या नजरेसमोर येईल असा फळीवर मांडायचे. भांडायचे मात्र नाहीत.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातून परतताना त्यांची गाडी उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत अडकली होती. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली. वहिनींना थांबवता आलं नाही. ट्रॉलीवरच्या माणसांनी पाहिलं, दोघं-तिघं हसली. त्या दिवसापासून वहिनींनी उंबरा ओलांडला नाही. डॉक्टरांशी फोनवर बोलणं व्हायचं, आणि इंजेक्शन फिटर बारामतीहून बर्फात ठेवून न्यायचे, स्वतःच टोचायचे.

आणि मग कऱ्हाटीहून निरोप आला. कऱ्हाटी वहिनींचं माहेर, बारामतीच्याही पलीकडे. त्यांची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता ती काही उठायची नाही. पाचव्या दिवशी वहिनी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "आईला बघायचं हाय."

फिटरांनी डायरी माझ्यापुढे उघडली. एखाद्या बागेचा आराखडा काढतात तसा निरवांगी ते कऱ्हाटी रस्ता काढला होता, आणि जिथे आम्ही व्हॉल्व्ह दाखवतो तिथे त्यांनी दारं दाखवली होती. प्रत्येक दारापाशी किल्लीवाल्याचं नाव, फोन, पाण्याची सोय, किती पायऱ्या. लासुर्ण्याचं मंगल कार्यालय होतं. पुढे एका शाळेच्या बाई होत्या. सात दारं झाली होती. बारामतीच्या जागी नुसतंच चौकोनी घर काढलं होतं आणि त्यात काही लिहिलं नव्हतं.

ते माझं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि तो संडास माझ्या हातानं रिकामा केला, घासला, चुना मारला, नवी कडी लावली, बल्ब लावला, बादली ठेवली. किल्लीला नळीचा एक तुकडा बांधून ती गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवली. बायको म्हणाली, घरात कधी ताट उचलत नाही हा माणूस!

पहिल्या खेपेला ते निघू शकले नाहीत. वहिनी नवी साडी नेसून चुलतदिरांच्या ओम्नीत बसल्या, आणि फिटरांनी विचारल्यावर एकही बोट उचललं नाही. फिटरांनी इंजिन बंद केलं आणि शेजारी बसून राहिले. अंगणात, उभ्या गाडीत, दोन तास. मग आठही जणांना एकेक फोन केला, "आज न्हाय. तुमी पाणी भरून ठेवलं, लई उपकार."

मी फोनवर म्हणालो, "अहो, वहिनींना जरा समजवायचं होतं. एवढी तयारी केलीत."

"शेठ, प्रेशर नसताना व्हॉल्व्ह उघडला तर काय हुतंय?"

"लाइन रिकामी होते."

"मग."

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मी न राहवून विचारलं, "फिटर, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?"

"येतो की! मी दगड हाय व्हय? कंटाळा आला की कुणाचा तरी फिल्टर खोलून धुतो. आपला आपला उतरतो." मला आठवलं, त्या वर्षी आमच्या गिऱ्हाइकांचे फिल्टर फारच स्वच्छ होते.

तिसऱ्या खेपेला अकराच्या सुमारास ओम्नी माझ्या दारात थांबली. मी किल्ली घेऊन धावलो. काचेआड वहिनी बसल्या होत्या, वाळलेल्या, डोळे मोठे झालेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काचेला दोन बोटं टेकवली.

"दोन किलो, शेठ!" फिटरांचा आवाज चिरकला. "लासुर्ण्यापासनं एकदाबी थांबाय लागलं न्हाय. किल्ली ऱ्हाऊ द्या, येताना लागंल."

आणि गाडी गेली. इतका घासलेला संडास बिनवापराचा राहिला म्हणून मला क्षणभर चक्क वाईट वाटलं, इतका मी शहाणा. मग खुर्चीत बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की त्या रस्त्यावर आठ माणसं आपापल्या दारात किल्ली घेऊन उभी आहेत, एका बाईला आपल्या आईपर्यंत पोचता यावं म्हणून. त्यांना एका माणसानं, कुणाला न दुखवता, स्वतःचं हसं करून घेत उभं केलं होतं. मी आयुष्यात मोठी म्हणावी अशी माणसं पाहिली आहेत, हार घालून घेणारी, भाषणं करणारी. असा थक्क मी कधी झालो नव्हतो.

कऱ्हाटीला म्हणे आईनं मऊ भात आणि वरणाचं पाणी तयार ठेवायला लावलं होतं, आणि खा गं खा गं असा आग्रह एकदाही केला नाही. लेकीला खाटेला टेकवून बसवलं आणि पडल्या पडल्या तिच्या डोक्याला तेल लावलं.

संध्याकाळी गाडी पुन्हा थांबली. या वेळी वहिनी उतरल्या. त्यांनी माझ्या हातून किल्ली घेतली, एकट्याच मागे गेल्या, आणि परत येऊन ती माझ्या हातात ठेवली. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. म्हणाल्या, "भाऊजी, बल्ब लावलासा ते बरं केलं." मी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली.

वहिनी बऱ्या झाल्या असं मात्र समजू नका. त्यानंतर कितीतरी शून्याचे दिवस आले. आई गेली. गेल्या वर्षी आतड्याचं ऑपरेशन झालं, आणि फिटरांनी काम सोडलं ते तेव्हा. आता माझ्याकडे दुसरा फिटर आहे, चांगला आहे, पण पहिल्या ओळीकडे बघतो.

महिन्यातून एकदा वहिनींना तपासणीला बारामतीला आणतात. त्या दिवशी मी सकाळीच मागची बादली भरून ठेवतो. कधी ओम्नी थांबते. कधी न थांबता दोनदा हॉर्न वाजवून सरळ जाते. म्हणजे लागलं नाही, बरं चाललंय. अशा संध्याकाळी मी ती भरलेली बादली दारातल्या कढीपत्त्याला ओततो आणि खुशीत घरी जातो.

या महिन्यात हॉर्न वाजला नाही. दुपारपर्यंत वाट बघून मी फोन केला.

"किती?" मी विचारलं.

"शून्य हाय, शेठ," फिटर हळू आवाजात म्हणाले. "बसलोय जवळ."

आज आठवा दिवस. कढीपत्ता सुकलाय. पण बादली मी ओतलेली नाही, झाकण घालून ठेवली आहे.