लेकीच्या फोनमधला अर्धा सिनेमा

लेक गेल्यावर तिच्या सासरहून, निलंग्याकडून, एक पत्र्याची पेटी आमच्या घरी आली. तिच्यात चार साड्या, बांगड्यांचा डबा आणि तिचा फोन होता. फोनला मी कितीतरी महिने हात लावला नाही. मग एका दुपारी हे शेतात गेले असताना तो चार्जिंगला लावला.

उघडला तर एक सिनेमा अर्ध्यावर थांबलेला. चित्राखालची लाल रेघ निम्म्यापर्यंत आलेली. कोरियाचा सिनेमा, पण माणसं हिंदीत बोलत होती. लेकीनं सोडला होता तिथून मी तो पुढं बघितला.

एका बाईच्या मुलीला मारलेलं असतं. ती बाई एकेकाला हुडकून काढते. सुरी, रक्त, चिखलात फरफटत नेलेला माणूस. घरात कोंबडी कापायची असली तर मी आत जाऊन बसते, पण हे सगळं मी डोळे न मिटता बघितलं. शेवटी ती बाई एकटीच भात खायला बसते आणि तिला घास गिळवत नाही. तिथं मात्र मी फोन पालथा ठेवला.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की मी असले सिनेमे बघते. माणसं परकी, पण घरात शिरताना चपला बाहेर काढतात आणि मोठ्यांपुढं वाकतात. रडताना त्या बायका जमिनीवर बसून छाती बडवतात, आपल्यासारख्याच. फक्त एक गोष्ट वेगळी. मेलेल्या माणसाबद्दल तिथं कुणी म्हणत नाही की झालं ते झालं, आता जाऊ द्या.

आमच्याकडं सगळ्यांनी तेच म्हटलं. पाणी शेंदताना विहिरीत पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. सोयरे बसले, चहा झाला, मिटलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की माझ्या लेकीला पोहता येत होतं. पाठीला रिकामा डबा बांधून यांनीच तिला आमच्या विहिरीत शिकवलं होतं. डबा सुटल्यावरही ती वर येऊन हसायची. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, पण आम्ही एकमेकांपाशीही त्याचा उच्चार केला नाही.

लेक गेली त्याआधीच्या नागपंचमीला ती आली होती तेव्हा म्हणाली होती, "आई, मला परत जायचं न्हाई."

मी म्हणाले, "सांभाळून घे बाई. नांदावं लागतं."

जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आमच्यात अशी रीत आहे की दुसरी बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते आणि पहिलीच्या आईबापाची लेक होते. यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलवावं लागतं, म्हणून यांनी बोलावलं. मागच्या धोंड्याला माझी लेक त्याच्या शेजारी बसली होती. या वेळी ही नवी आली. विशीचीही नसेल.

मी पुरणाचे धोंडे केले. तो पाटावर बसून तूप मागून घेत होता.

"मामी, हात आखडू नका! तीन वर्षांनी येतो हा महिना."

"वाढते," म्हणाले आणि वाढलं. सिनेमातल्या बाईनं काय केलं असतं ते मला माहीत होतं. माझ्या हातात मात्र तुपाची वाटी होती.

जेवणं झाल्यावर नवीला आत नेऊन बांगड्या भरायला बसले. बाही वर सरकवली तर दंडावर चार बोटं उठलेली, काळीनिळी. तिनं बाही खाली ओढली.

"गोठ्यात आपटलं, आई."

माझी लेकही गोठ्याचंच नाव सांगायची. मी तिचा हात सोडला नाही. इतक्या दिवसांत जे कुणापाशी बोलले नव्हते ते तिच्यापाशी बोलले.

"माझ्या लेकीला पोहता येत हुतं. लई चांगलं येत हुतं."

ती गळ्यातला टाक मुठीत धरून बसली. मग हळूच म्हणाली, "मला न्हाई येत, आई."

बाहेर त्यानं मोटरसायकल चालू केली होती. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तेव्हाही जेमतेम निघाला.

"लेक ऱ्हाईल आठ दिवस."

तो हसला. "मामी, घरी कामं पडलीत. पिशवी द्या हिकडं."

मी पिशवी घट्ट धरली. तो यांच्याकडं बघायला लागला. मला वाटलं, आता हे म्हणतील, जाऊ दे. हे मान खाली घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला."

तो तिच्याकडं एकदा बघून निघून गेला.

आज सहावा दिवस आहे. पोर आत झोपली आहे. दिवसादेखील कडी लावून झोपते. तिच्या बापाचा फोन आला होता. तो म्हणाला, सांभाळून घ्यायला सांगा तिला. परवा जावई येईल. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तिथं माझी जीभ उचलेल असं मला वाटत नाही. चौथीपर्यंतच शिकले, तरी अक्षर वाचण्याजोगं आहे. म्हणून सगळं या वहीत उतरवलं. बोलता आलं नाही तर वही पुढं करीन.

गेलेल्या लेकीला हे वाचता येणार नाही. तिनं सांगितलं होतं तेव्हा ऐकायला हवं होतं.