दत्तूनं सांगितलेल्या कादंबऱ्या

दत्तू गेल्याचं मला मुरबाडच्या बाजारात कळलं. टोकावड्याकडचे गोमाजी मिरच्या घ्यायला आले होते. मला पाहून थांबले, पण जवळ आले नाहीत. "मास्तर गेले," एवढंच म्हणाले. मग पिशवी सावरत, "घर बंद केलंय. कोण आत जात नाय." दत्तूचं ऐकून कितीतरी मुलं पुस्तकं वाचायला लागली होती, आणि त्याच्या घराची कडी काढायला आता कुणी तयार नव्हतं.

आम्ही दोघं शहापूरच्या मराठी शाळेत सातवीला एका बाकावर होतो. तो शेणव्याचा, मी सापगावचा. आमच्या गुरुजींनी दर शनिवारी एक पद्धत पाडली होती. ज्याला एखादी कादंबरी आवडली असेल त्यानं उभं राहायचं आणि ती इतरांनी का वाचावी ते सांगायचं. बाकीची मुलं घाईघाईनं काहीतरी बोलून बसायची. दत्तू उठला की वर्ग गप्प व्हायचा. एकदा त्यानं एका नावाड्याची गोष्ट सांगितली... पलीकडच्या काठावर भाऊ अडकलाय, पाणी चढतंय, आणि भावाच्या हाका हळूहळू कमी होत चालल्यात. तिथं दत्तूनं पुस्तक मिटलं. "पुढचं मी नाय सांगणार," तो म्हणाला. "पुस्तक घ्या. पन एकट्यानं वाचू नका." त्या पुस्तकासाठी मुलांची अक्षरशः ओढाताण झाली. मला ते मिळालं तेव्हा पानांना सगळ्या वर्गाच्या हातांचा वास येत होता. तेव्हा त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं.

पुढे मी मुरबाडला कचेरीत चिकटलो आणि दत्तू टोकावड्याच्या पलीकडे एका पाड्यावरच्या शाळेत मास्तर झाला. पगारातून तो कादंबऱ्या घ्यायचा आणि शनिवारची ती पद्धत त्यानं तिथंही सुरू केली. जी मुलं घरी निराळीच बोली बोलत, तीही उभी राहून आपल्या बोलीत पुस्तकाची गोष्ट सांगत. गोमाजींची यमुना त्यांत सगळ्यांच्या पुढे होती. तिनं सांगितलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नसे.

बेचाळीसच्या धामधुमीनंतरच्या एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो बोलता बोलता थांबत होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "कल्याणच्या डॉक्टरला दाखवलं. छातीचा क्षय हाय." मग त्यानं फळीवरच्या पुस्तकांकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. ती पुस्तकं पाड्यावरच्या घराघरांतून फिरली होती. आणि पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय दत्तूला शाळेपासून होती.

पुढच्या पावसाळ्यात यमुनेला ताप आला. गोमाजी पुस्तक पळसाच्या पानांत गुंडाळून घेऊन आले आणि त्यांनी ते दत्तूच्या अंगणाच्या कडेला ठेवलं. मी त्या दिवशी दत्तूकडे आलेलो, ओटीवरच होतो. "मास्तर, आमी तुमाला काय बोलत नाय," ते म्हणाले. "पन पोर तापानं फणफणलीय. आता पुस्तक नको." दत्तूनं मान हलवली. गोमाजी दिसेनासे होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग आत गेला आणि सगळी पुस्तकं अंगणात आणून ठेवली. "वामन, तू लांब रहा," तो म्हणाला. पावसानं उघडीप दिली होती, पण लाकडं ओली होती, पुस्तकं लवकर पेटेनात. प्रत्येक पुस्तक टाकताना तो सांगत होता, ही अमक्यानं वाचली, ही यमुनेनं दोनदा वाचली... शेवटी शेवटी नुसतीच टाकत गेला.

यमुनेचा ताप हिवतापच निघाला, कोयनेलच्या गोळ्यांनी उतरला. पण पाड्याची भीती काही उतरली नाही. दत्तूची नोकरी गेली, त्याच्या जागी दुसरे मास्तर आले. तरी शनिवारी तो शाळेसमोर आंब्याखाली येऊन बसायचा. मुलं शाळेच्या पडवीत, मध्ये सगळं मैदान. तिथून तो जाळलेल्या कादंबऱ्या तोंडानं सांगायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, दम लागतो तुला. कशाला?" तो म्हणाला, "पूर्वी अर्धी सांगून भागायचं. आता पुस्तकच नाय, तर शेवटही मलाच सांगायला हवा." त्याचा आवाज पोचेनासा झाला तेव्हा मुलं पडवीच्या कडेला सरकून बसू लागली. घरून ताकीद होती, म्हणून पायरी मात्र कुणी उतरलं नाही. आमची ती शेवटची भेट.

परवा चैत्रातल्या एका शनिवारी मी पाड्यावर गेलो. त्याच्या दाराची कडी मी काढली, आत गेलो, रिकाम्या फळीवरून हात फिरवला आणि बाहेर आलो. शाळेत नव्या मास्तरांनी दत्तूचा तास चालू ठेवला आहे. पडवीत यमुना उभी होती. हातात पुस्तक नव्हतं, पण दत्तूनं सांगितलेली एक कादंबरी ती मुलांना सांगत होती. त्याच्यासारखीच मध्येच थांबत होती, आणि मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. गोमाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बोलता बोलता यमुनेला खोकला आला. एकदाच.

"राब भाजलेत खाली," गोमाजी हलकेच म्हणाले. "त्याचा धूर हाय."

शेतांत जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर येत होता, हे खरं. पण पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी बसल्या बसल्या वीतभर मागे सरकली. मग तिच्या शेजारची सरकली. यमुनेनं ते पाहिलं. मागे सरकलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवून तिनं गोष्ट पुढे सुरू केली.