दोन बोटं वर

मशीन असं किंचाळलं की मला वाटलं, फुटलंच आता. होडी पुढं जाईना, नुसती डुलतेय, पुढून पाणी आत आलं, माझे पाय भिजले, आणि छातीशी सात महिन्यांचा नंदू, घशातून शिट्टीसारखा आवाज, ओठ निळे पडलेले… ना उरणचा किनारा जवळ ना माझगावचा धक्का. मागं मशीनपाशी आप्पा बसलेले. ते ओरडले, "सूनबाई, मागं ये! तुझ्या जागेवर बस!" मी म्हटलं, "नाही येणार, फुटतंय ते!" आणि मी अजूनच पुढं सरकले.

आप्पा गेले त्याला आता दीड महिना होईल. दुपारी जेवून आडवे झाले, चारला मी चहा घेऊन गेले तर… चहा तसाच राहिला. रडू येतं, पण वाईट गेले असं नाही म्हणवत. पोटभर जेवले, नंदूला गोष्ट सांगितली आणि गेले. मुंबई आपल्या महाराष्ट्रात आलेली बघायची होती, तेवढं राहिलं. ते माझे चुलतसासरे, गोदीत फिटर होते, माझगावला आमच्याच खोलीत राहायचे. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही, पण हे मीच लिहायला पाहिजे, कारण चूक माझी होती आणि बोलणी त्यांनी खाल्ली.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा होड्यांना मागं अडकवायची मशीनं नवीनच आली होती. बाकीचे लोक मशीन सरळ मागच्या फळीला अडकवून मोकळे व्हायचे. आप्पांनी मात्र ओळखीच्या एका तांडेलाच्या होडीला मागं वीतभर जाड सागाचा ठोकळा ठोकला आणि त्याच्यावर मशीन बसवलं. होडीच्या बुडाखालून सुटलेलं पाणी थोडं मागं गेलं की वर चढतं म्हणे, मग मशीनही दोन बोटं वर घेता येतं. पाण्यात कमी बुडालं की ओढ कमी, होडी पळते. पण जास्त वर घेतलं की मशीनचा पाण्यातला पंखा पाण्याऐवजी हवा गिळतो आणि नुसता बोंबलतो. तांडेल हसला, "आप्पा, होरीला शेपूट लावलंस काय रं?" आप्पा म्हणाले, "शेपटाशिवाय मासा पोहतो का रे?"

पंख्याचंही तसंच. तांडेलानं जोरात पळायला म्हणून जास्त पिळाचा पंखा आणलेला, त्यानं मशीनला दम लागायचा. आप्पा मला नंदूला पेज भरवताना बघत होते, एकदम म्हणाले, "हे बघ, मोठा घास दिलास की ठसका लागतो. भरल्या होडीला छोटा घास घेणारा पंखा पाहिजे." आणि बदललाच त्यांनी तो. मग तीन रविवार मला होडीत बसवलं, मधल्या फळीवर, मांडीवर नंदू. ते मागं. म्हणायचे, माप होडीचं नसतं, बसणाऱ्या माणसांचं असतं. होडी पळवायची, परत यायचं, मशीन बोटभर वर, बोटभर खाली. शेवटी दोन बोटांवर ती अशी सुटली की माझा पदर उडाला आणि आप्पा लहान पोरासारखे हसले. ठोकळ्यावर खिळ्यानं रेघ मारली.

पुढच्याच महिन्यात मी माहेरी उरणला, आणि आप्पा मला न्यायला तीच होडी घेऊन आले. रात्रीतून नंदूचा गळा सुजला, वैद्य म्हणाले घटसर्प, मुंबईला न्या, आत्ताच्या आत्ता. आणि त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ, लाँच बंद! म्हणून आम्ही तिघंच निघालो. अर्ध्यात मशीनचा धूर माझ्या तोंडावर यायला लागला. पोराला आधीच श्वास नाही… मी उठले आणि त्याला घेऊन पार पुढं टोकाला जाऊन बसले. पुढचं टोक दबलं, मागचं वर आलं आणि पंखा हवा गिळायला लागला. तेच ते किंचाळणं. मला तेव्हा काय कळतंय!

आप्पांनी मशीनच बंद केलं. एकदम शांत. त्या शांततेत फक्त नंदूची शिट्टी. आप्पा हळू म्हणाले, "मशीनला काही झालं नाही गं. तू उठलीस एवढंच. तीन रविवार तुला कशाला बसवलं होतं?" मी रांगत रांगत मधल्या फळीवर आले. त्यांनी दोरी ओढली, एकदा, दोनदा… आणि पंख्यानं पाणी धरलं.

धक्क्यावर तांडेल आपल्या होडीची वाट बघत उभा. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मशीन मधेच ओरडलं, होडी थांबली!" तांडेलानं आम्हाला हातगाडीवर घालून दवाखान्यात पोचवलं, सुई मिळाली, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. नंदू वाचला. पण तांडेलानं दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून टाकला आणि धक्काभर सांगत सुटला, म्हाताऱ्याच्या शेपटानं पोर मेलं असतं. मग आप्पांकडे मशीन बसवायला कुणी येईना. मी गप्प. चालत्या होडीत आजारी पोराला घेऊन उठले हे सासूबाईंना कळलं तर? ह्या भीतीनं तीन वर्षं गप्प.

एकदा मी म्हटलं, "आप्पा, सांगू का तांडेलाला?" तांडेलानं टाकलेला ठोकळा त्यांनी घरी आणला होता, तो घासत होते, नंदूला बसायला पाट करत होते. म्हणाले, "काय सांगणार? पोर जगलं. आणि चूक माझी. आई घाबरली की उठणारच, ते माप मी धरलंच नाही." मग खिळा घेऊन पहिल्या रेघेखाली दुसरी मारली. "वरची रेघ सगळे जागेवर बसले तर. ही एका बोटाची, कुणी उठलं तरी." वर फुर्र करून चहा प्याले. राग म्हणून नाही कधी.

परवा तांडेल आम्हाला भेटायला आला. नंदू त्या ठोकळ्यावर बसून भात खात होता. तांडेलानं वाकून रेघांवरून बोट फिरवलं. "ही दुसरी कधी मारली आप्पानं?" खोलीत नवरा, सासूबाई, सगळे. आणि मी सांगितलं. सगळं. तांडेल म्हणाला, "सूनबाई, देशील हा? एक बोटावर बसवतो." मी सासूबाईंकडे बघितलं, म्हटलं आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "मग काय, धुरात बसायचं होतं पोराला घेऊन? मी पण उठले असते."

रविवारी तांडेल न्यायला येणार आहे. तोवर नंदू त्याच्यावरच जेवतो, उठ म्हटलं तरी उठत नाही. मी त्याला भरवते, छोटे छोटे घास, आणि त्या दोन रेघांकडे बघत बसते… तुम्हीच सांगा, तुमचं लेकरू तसं घुसमटत असतं, तर तुम्ही जागेवर बसून राहिला असतात?